गुंडा गवंड्याचा थर

बिराप्पा गवंड्याची खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. भिंत दिसली की बोटाच्या पेराने ठोकायची आणि कान लावायचा. ठणठण वाजली तर भिंत धडधाकट, बद्द वाजली तर आत पोकळ. कुणाच्या नव्या बंगल्यातही तो असाच ठोकत फिरायचा, म्हणून लोक त्याला वास्तुशांतीला बोलवायला बिचकत.

त्याची लेक प्रांजल जुन्या इमारतींचं शिकायला फ्रान्सच्या दक्षिणेला, आर्ल शहरात गेली. तिने व्हिडिओ कॉलवर तिथलं रोमन रिंगण दाखवलं. "आबा, खालच्या कमानी रोमन लोकांच्या. वरचा बुरूज लय नंतरचा. मधी तर आख्खी वस्तीच आत राहायला आलती."

"आन् ह्यो थर? ह्येचा चुना येगळा दिसतोय," म्हणत बिराप्पाने सवयीने फोनच्या पडद्यावरचाच दगड ठोकला. बोट लाल बटणाला लागलं आणि लेकच गायब झाली.

प्रांजल पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने आपल्या सरांना सांगितलं, आमच्या वेशीलाही तीन थर आहेत. खाली काळा दगड, मग संस्थानी वीट, आणि वर कोयनेच्या भूकंपानंतर माझ्या आजोबांनी, गुंडा गवंड्याने, चुन्यात बसवलेला थर. ओल्या चुन्यात त्यांचा पंजाही उमटलाय. सरांना तो बघायचा होता.

नेमकं तेव्हाच वेशीचं सुशोभीकरण निघालं, सगळीकडून सिमेंटचा गिलावा. बिराप्पा सरपंच मानसिंगकडे गेला. "जुन्या चुन्यावर सिमेंट धरत न्हाई, मानसिंग. सुटलं की खालचा चुना घिऊनच पडतंय."

"तात्या, मार्चच्या आत काम न्हाई झालं तर निधी परत जातोय. माझा बी इलाज न्हाई."

"मग माझ्या बापाच्या, अण्णाच्या पंज्यापुरती जागा तरी सोड रं."

"तेवढी सोडू की!" मानसिंगने शब्द दिला, आणि मनापासून दिला. पण गिलाव्याला आलेली माणसं परगावची. त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

रविवारी प्रांजलचा फोन आला. शेजारी सर बसले होते. "आबा, आज्याचा पंजा दाखवा."

बिराप्पाने फोन वेशीकडे फिरवला. पायापासून कमानीपर्यंत नुसतं करडं सिमेंट. त्याला भडभडून आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या, आणि बापाचा एक हात राखता आला नाही.

"कुठं हाय, आबा?"

त्याने अंदाजाने जागा धरली आणि पेराने ठोकली. बद्द.

"हितं हाय, पोरी," तो म्हणाला. "गिलावा आतापास्नंच सुटाय लागलाय."