डाक्टरांच्या मोटारीचं पाणी

हुमनाबादच्या डॉक्टर रेवणसिद्धप्पांकडे निजामाच्या काळातली एक विलायती मोटार होती. कुण्या जहागीरदाराकडून घेतलेली, काळी, मोठ्या मडगार्डांची. आसपासच्या खेड्यांतले पेशंट ते तीतूनच बघायला जायचे. एकोणसत्तर साली तिला एक खोड लागली. दहा-बारा मैल गेलं की रेडिएटर रिकामा. जमिनीवर मात्र थेंब सापडायचा नाही. डॉक्टर मागच्या सीटवर पाण्याची घागर ठेवून फिरू लागले. लोक म्हणायचे, "डाक्टरसाबची गाडी हेलग्यावानी पानी प्यायलीय."

ती मोटार बळीराम मिस्त्रीकडं यायची. बळीराम मूळचा संतपूरचा. छप्पन सालानंतर त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायचं काम बापानं त्याच दिवशी टाकलं आणि पोराला बीदरला बाबूलाल उस्तादच्या हाताखाली ठेवलं. सात वर्षांनी बळीरामनं हुमनाबादला बसस्टँडच्या मागं पत्र्याचं शेड घातलं. कामाला बसला की बोलायचा नाही, इंजिनाला कान लावून ऐकत राहायचा.

त्यानं रेडिएटर दोनदा झाळला, रबरी नळ्या बदलल्या, पंपाचं पॅकिंग नवं घातलं. इंजिनाचं ऑइल काढून पाहिलं, त्यात पाण्याचा मागमूस नव्हता. पाणी आत जात नव्हतं, बाहेर दिसत नव्हतं. शेवटी उस्तादला बोलावलं. बाबूलालनं दिवसभर बघितलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "छोड दे बेटा. बुढ्ढी हो गई है."

डॉक्टरांनी ते ऐकलं. नुसता बॉनेटवर हात फिरवला. बळीरामला तो हात बघवला नाही.

दुपारी तो जेवायला घरी गेला, पण भाकरी ताटात तशीच. सुभद्राबाई, त्याची बायको, गावातल्या घरांना चुना मारायचं काम करायची. तिच्या कोपरापर्यंत पांढरे शिंतोडे होते.

"कामून जेवना झालाव?" तिनं विचारलं.

"त्या गाडीचं पानी कुठून जायलंय, ते घावंना."

"भितीत ओल कुठून मुरायलीय, ते तरी कुठं घावतं? आमी चुना देताव. वाळला की जिथून पानी येतंय तिथं पिवळा वघळ उमटतो."

"इंजिनाला चुना देऊ म्हंतीस?" बळीराम हसला.

"म्या कुठं म्हंते? तुमी इचारलाव, म्या सांगितले."

हात धुता धुता त्याचं हसू थांबलं. "तुझी बादली कुठंय?"

दोघांनी मिळून इंजिनाला खालून, मागून पातळ चुना फासला. सुभद्राबाईचा ब्रश जिथं पोचेना, तिथं तिनं चिंधी काडीला बांधून लावला. डॉक्टर येऊन बघतच राहिले. "अयय्यो, सुभद्रक्का, लगीन लावायलाव का काय हिचं?"

चुना उन्हात कडक वाळला, तशी बळीरामनं मोटार निर्णा गावापर्यंत पळवून परत आणली. शेडमध्ये तो खाली सरकला. सुभद्राबाईनं वेणी घालायचा आरसा काठीला बांधून दिला. इंजिनाच्या पार मागच्या अंगाला, सायलेन्सरच्या पाइपाच्या वर, पांढऱ्या चुन्यावर तांबूस वघळ उतरला होता. सुतासारखा.

"घावला गं!" तो गाडीखालूनच ओरडला.

तिथं इंजिनाच्या भोकाला बसवलेली रुपयाएवढी पत्र्याची चकती होती. मिस्त्री लोक तिला डम्मी म्हणतात. ती गंजून सुईच्या टोकाएवढी फुटली होती. इंजिन थंड असलं की भोक मिटायचं, तापलं की उघडायचं, आणि गळालेलं पाणी तापल्या पाइपावर पडून वाफ होऊन जायचं. पाइप खोलून त्यानं चकतीवर पेचकस टेकवला, तर तो पापडातून जावा तसा आत गेला.

इतक्या जुन्या मोटारीची डम्मी हैदराबादलाही मिळेना. बळीरामनं पत्र्याची कापून बसवली, ती तिसऱ्या मैलाला उडाली आणि डॉक्टरांचं धोतर भिजलं. डॉक्टर रागावले नाहीत, पण तीन मैल पायी आले. मग त्यानं फुटक्या पितळी घागरीचं जाड बूड आणलं. त्यातून चकती कापली, ठोकून खोलगट केली, कानशीनं कडा घासल्या. फुगीर बाजू बाहेर ठेवून ती भोकात बसवली आणि मधोमध हातोडीचा एकच ठोका दिला. चकती पसरून कडेला गच्च बसली.

"आता कुठवर भरोसा?" डॉक्टरांनी विचारलं.

"संतपूरपातुर."

"चला मग. अक्कालाबी घ्या."

चाळीसेक मैलांची वाट. बळीराम पुढं बसून कान देऊन होता. सुभद्राबाई मागं घागरीच्या जागी बसली होती, वाऱ्यानं पदर सावरत. वाटेत भालकीला डॉक्टर पाणी बघायला थांबायला लागले, तर बळीराम म्हणाला, "न्हाई साब, चालू द्या."

संतपूरला मोटार थेट बौद्धवाड्यात गेली. बळीरामनं फडक्यानं धरून रेडिएटरचं झाकण सावकाश सैल केलं, वाफ जाऊ दिली आणि उघडलं. पाणी गळ्यापर्यंत होतं. त्यानं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समोरच्या बाजेवर जाऊन बसले. बळीरामच्या आईनं, भागाबाईनं, दिलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि आणखी मागितला.

भागाबाईनं मोटारीला दोन फेरे घालून बघितलं.

"ह्यी माझ्या लेकानं नीट केला?"

"व्हय अम्मा. अन् तुमच्या सुनेनं," डॉक्टर म्हणाले.

"मग मला कलाबाईकडं न्या. शेजारच्या गावाला दिलीय माझी भन. सहा महिने झाले, तोंड बघितले न्हाई."

डॉक्टर हसत उठले. म्हातारी पुढच्या सीटवर चपला हातात घेऊन बसली. सुभद्राबाईनं त्या तिच्याकडून घेऊन तिच्या पायाशी ठेवल्या, आणि गाडी हलली.