वखराची पास आणि चाकावरची होडी

अनसिंगच्या बाजारात मला अजूनही विचारतात, "इथं समुद्र कुठं हाय, अन् तुमी कायले शिडाची होडी बांधली?" मी सांगतो, समुद्र नाही म्हणूनच चाकांवर बांधली. ज्या धरणात पाणी असेल तिथे ट्रॅक्टरमागे जोडून न्यायची.

आराखडा माझाच. रुंदी आमच्या गल्लीत मावेल एवढीच. शिडाची काठी विजेच्या तारांखालून जाताना आडवी होणारी. आत दोघांना झोपायला जागा, कोपऱ्यात शेगडी. आणि बुडाच्या फटीतून पाण्यात सोडायची सागाची उभी फळी. ती खाली असली की होडी आडवी घसरत नाही, वाऱ्यासमोर तिरकी चढत जाते. पाण्याबाहेर काढताना फळी दोरीने वर ओढायची.

पहिल्या दिवशी धरणावर वारा पाठीशी होता. मोठ्या ऐटीत गेलो. परतताना मात्र होडी खेकड्यासारखी सरकत बाभळीत जाऊन अडकली. धाकट्या भावाने बैल लावून ओढून काढली. अख्खा गाव हसला. बायको म्हणाली, "पुढच्या खेपेले मले बसवा. बैलाबिगर वापस आली तं ठीक, नाही तं हिचं कोंबड्यायचं खुराडं करा."

खुराडं! माझ्या होडीचं! शब्द जिवाला लागला.

मग एकदा शेतात बैलांमागचं वखर मातीत न रुतता वरवर चालायला लागलं. ते दबावं म्हणून सवयीने मी त्यावर दगड ठेवला आणि तिथेच थबकलो. साग पाण्यावर तरंगतो! माझी फळी खाली राहिलीच नव्हती, फटीतून वर आली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. घरी जाऊन जुन्या वखराची पास, म्हणजे त्याची लोखंडी पात, फळीच्या टोकाला ठोकून बसवली.

पुन्हा धरणावर गेलो. बायको शेगडीजवळ बसली. काठावर भाऊ बैल आणि दोर घेऊन तयारच होता. जाताना सोपं होतं. परतताना वारा तोंडावर आला. होडी डावीकडे तिरकी गेली, वळवली, मग उजवीकडे तिरकी. आणि काठ जवळ यायला लागला! मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलोच.

तेवढ्यात बायको उभी राहिली. "भाऊजी, तो दोर फेका इकडं!"

भावाचा चेहरा खुलला. "काहून वयनी, फसली का?"

"नाही फसली. मले कपडे वाळू घालाचे हायेत. चार दिवस आमी घरी येत नाही."