पुण्याहून आलाय म्हणून सांगितलं

"फाल्सिपेरम मलेरिया आहे," परभणीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "मेंदूपर्यंत गेलाय. खरं सांगा, हे कुठून आलेत?"

मी मायकडं पाहिलं. मग मीच म्हणाले, "टांझानियाहून. सतरा दिवस झाले."

"पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

हा प्रश्न तुमच्यापैकी कुणाला ऐकावा लागू नये, म्हणून लिहीत आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

माझा मोठा भाऊ तिकडं रस्त्याच्या कामावर मशीन चालवायचा. दीड वर्षानं पालमजवळच्या आमच्या गावी सुट्टीवर आला. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. दोन गोधड्यांखाली कुडकुडत दादा म्हणाला, "सायबीनबाई, तुमच्या पुस्तकात हाय का हे हीव?" मी हसले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

म्हणून डॉक्टरांशी मीच बोलायचं ठरलं. निघताना मायनं हात धरला. "परदेशाचं नाव काढू नको. कोरोनात पुण्याहून आला तवा शाळेत कोंडला होता त्याला. हापशावर पाणी भरू देत नव्हते आपल्याला. इसरलीस का?"

विसरले नव्हते. पण आता कोरोना नव्हता; परदेशापेक्षा पुणं सांगणं बरं वाटलं. पालमच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी पुणंच सांगितलं.

त्यांनी टायफॉइड धरून औषध सुरू केलं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. सातव्या दिवशी सकाळी दादा मायला ओळखेना. तसंच परभणीला आणलं.

फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. त्याचे जंतू असलेल्या रक्तपेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की त्याला सेरेब्रल मलेरिया म्हणतात. या जंतूच्या जीवनचक्राची आकृती मी परीक्षेत काढली होती. रंगीत पेन्सिलीनं. पूर्ण मार्क मिळाले होते.

आर्टेसुनेटची इंजेक्शनं सुरू झाली. हे औषध रक्तातले जंतू मारतं. आम्ही आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला.

"आधी सांगितलं असतं तर वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आम्हाला सात दिवस मिळाले असते."

त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं होतं. आजारी माणसाला चावलेला डास दुसऱ्याला चावला तर रोग पसरू शकतो. म्हणून गावात पथक आलं. घरोघरी बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, साठलेलं पाणी ओतून द्यायचं. लोकांनी दारं लावून घेतली. "आमाला काय धाड भरलीय?"

आमच्या घरी सुतक होतं. सुतकात कुणाच्या दारी जात नाहीत. तरी माय उठली आणि पथकातल्या आशाताईंबरोबर निघाली.

शेजारची काकू दारातूनच म्हणाली, "जिजी, सुतकात कशाला आलीस गं?"

"आत न्हाई येत. तू बोट दे," माय म्हणाली. "माझा लेक आफ्रिकेतून ताप घेऊन आला होता. म्या लपवलं. पोरीला खोटं बोलायला लावलं."

काकूनं उंबऱ्याबाहेर हात काढला.

प्रत्येक दारात माय हेच बोलली. मी मागं उभी होते. माझं खोटं ती एकटीच स्वतःवर घेत होती. चौथ्या दारापासून मीही बोलू लागले.

आठवड्यानं आशाताई येऊन सांगून गेल्या, गावात कुणाच्याच रक्तात काही सापडलं नाही. दादा गेल्यावर माय त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडली.