तलावातून काढलेली मोटर

स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री जुनी इंजिनं दुरुस्त करायचा. काम करताना इंजिनाला कान लावून विचारायचा, "कुटं दुखतंय?" गिरणीतून परतताना मी तिथं थांबायचो.

एकदा त्याच्याकडे होडीच्या मागं लावायची लहानशी मोटर आली. हिप्परग्याच्या तलावात होडी उलटून तिचा मालक बुडाला होता आणि मोटर कित्येक महिने गाळात पडून होती. त्यानं गंज खरवडला, पितळ उजळलं. पण पाण्याच्या पिंपाला लावून दोरी ओढली, की ती थोडी फडफडून बंद पडायची.

"पेट्रोल हाय, ठिणगी हाय," तो मला म्हणाला. "मग बंद कोन करतंय?"

तो बाजूला सरकला, शेजारी माणसाएवढी जागा सोडली आणि हळूच म्हणाला, "बसा, मालक."

त्यानं दोरी ओढली. मोटर एकसारखी चालू लागली. 

अशी मोटर सोलापुरात दुसरी नव्हती. एक हौशी व्यापारी मागाल ती किंमत द्यायला तयार झाला.

"किमतीचं र्‍हाऊ द्या की," तो म्हणाला. "मागच्या फळीवर एक जागा मोकळी ठिवा."

व्यापारी मोठ्यानं हसला.

पुढं एका सकाळी मला तलावावर ती मोटर लावलेली होडी दिसली. व्यापारी एकटाच होता. मागच्या फळीच्या अगदी कडेला, अंग चोरून बसला होता.