उताराची फरशी

माझा राग नाकावर असतो, हे खडीच्या ट्रकवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. बांधकामाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या बाईला तो ठेवावाच लागतो, असं मी म्हणते. माझे वडील, आबा, म्हणतात, "धंद्याला कशाला नावं ठिवतीस? पाळण्यात असल्यापासनं अशीच हाईस."

त्या वर्षी मुरगूडच्या बाहेर मी एका महिला गटाचा कांदा-लसूण चटणीचा कारखाना उभा करून देत होते. तीस बायका. आजवर घरच्या सोप्यात आणि पत्र्याच्या शेडात चटणी करायच्या. आता मोठ्या दुकानांना माल द्यायचा, तर नियमात बसणारी इमारत हवी. खाण्याच्या वस्तूची इमारत म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. भिंत आणि जमीन मिळते तिथे कोपरा चालत नाही, गोलाई लागते, म्हणजे घाण बसत नाही. ढकलगाड्या फिरायच्या, म्हणून दाराला उंबरा नाही. उंबरा नाही म्हटल्यावर गटाच्या अध्यक्षबाई माझ्यावर कडाडल्या, "मग हळदी-कुंकू कुठं वाहायचं वो म्याडम? तुमच्या डोक्यावर?" मीही कडाडले. शेवटी चौकटीला वाहायचं ठरलं आणि आम्ही दोघींनी एकाच बशीतली भजी खाल्ली.

मशीनं शुक्रवारी यायची होती. एकाच खोलीची फरशी राहिली होती, आणि नेमका तेव्हाच फरशीचा गवंडी जोतिबाच्या यात्रेला निघाला. "सासनकाठी नाचवायचा मान आमच्या गावचा हाय, म्याडम. न्हाय म्हणू नगा." देवापुढे माझं काय चालणार? मी दिवसभर फोन करत बसले. यात्रेच्या दिवसांत ह्या भागात गवंडी मिळणं म्हणजे वाळूतून तेल काढणं.

आणि मग मला आमचे आबा आठवले. खरं म्हणजे ते पहिल्यापासून डोक्यात होते, मीच त्यांना मागे ढकलत होते.

आबा जन्मभर गवंडी. गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी थापी ठेवली, ती ठेवताना रडले होते. बोलायला गरम, पण हात असा की चाळीस फुटांच्या दिवाणखान्यात लेव्हल पट्टीचा बुडबुडा मधून हलायचा नाही. त्यांचा एकच तोरा होता. "माझं काम आजवर कुनी फोडलं न्हाय," हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचे. मला डिप्लोमाला घातलं तेव्हा भावकीतल्या लोकांनी पोरीच्या जातीला गवंडीकाम कशाला म्हणून हिणवलं होतं. आबा म्हणाले होते, "ती काम करनार न्हाय, करून घेनार हाय."

मी त्यांना विचारलं. माझा चहा संपायच्या आत ते दाढी करायला बसले होते.

शनिवारी मी त्या खोलीत भिंतीवर निळ्या खडूनं खुणा मारल्या. ती खोली कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर धुण्याची. रोज हजारो लिटर पाणी सांडणार, ते थेंबभरही साठता कामा नये. म्हणून दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत, वीस फुटांत अडीच इंच उतार ठेवायचा होता. त्या भिंतीकडेची पाण्याची नाली फरशीनंतर करायची होती. आबांना मी एवढंच म्हटलं, "खुणा मारल्यात, त्याप्रमाणे घ्या." बाकी काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते खरं सांगते. दोन मजूर बायका उभ्या होत्या, आणि ज्यानं मला ओळंबा धरायला शिकवलं त्या माणसाला त्यांच्यासमोर शिकवायची मला लाज वाटली. मग मशीनवाल्याकडे कोल्हापूरला गेले ती मंगळवारी सकाळी आले.

आबा दारातच उभे होते. पागोटं नीट बांधलेलं, मिशीत हसू. कोट्याची फरशी अशी बसली होती की सांधा शोधावा लागावा. "थांब," म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी मधोमध ओतलं. पाणी तिथंच राहिलं. ताटात ओतल्यासारखं, गोल, जागच्या जागी.

"बघ," आबा म्हणाले. "थेंब तरी हलला का?"

माझं डोकंच फिरलं. भिंतीकडे पाहिलं तर माझ्या निळ्या खुणा ओल्या पोत्यानं पुसून काढलेल्या. शुक्रवार डोळ्यांपुढे नाचायला लागला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "कुणाला विचारून केलंत हे? खुणा दिसत नव्हत्या? माझं नाव घालवायला आलाय का इथं? सगळी फोडा!" असं मी बापाला बोलले. दोन मजूर बायका, वायरमन आणि डबा घेऊन आलेल्या अध्यक्षबाई, सगळ्यांसमोर. आबांनी तांब्या उचलला आणि बाहेर गेले.

मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन धुसफुसत उभी राहिले. मजूर बायकांतली थोरली मागून आली. म्हणाली, "म्याडम, रागावू नगा, पर सांगतो. म्हातारं लै घाबरलं हुतं. खुणा बघितल्या आन् म्हनलं, पोरीचं माप चुकलंया. आडीच इंच चुकलंया. कुनाला कळलं तर तिला हसतील, यात्रेवाला गवंडी येऊन बघायच्या आत निस्तरूया. आमच्याकडनं खुणा पुसून घेतल्या. वर शपथ घातली, तिला बी सांगायचं न्हाय."

आपलेच दात, आपलेच ओठ. लेकीची चूक झाकायला त्या माणसानं गुडघ्यांना फडकी बांधून तीन दिवस फरशी घातली होती, आणि चूक तर नव्हतीच.

परत गेले तेव्हा आबा आत पहार घेऊन वाकले होते. कडेची पहिली फरशी त्यांनी स्वतःच उचकटली होती. मी पहार धरली. म्हटलं, "आबा, ती धुण्याची खोली आहे. पाणी वाहून जायला पाहिजे. उतार मुद्दाम होता."

ते थांबले. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"अगं मग तसं बोलायचं की! न्हाणीला उतार असतो हे शेंबडं पोर बी सांगंल. पर एवढा मोठा हॉल! म्हनलं हितं कोन न्हातंय?" आणि मग हळूच, "म्हंजी तुझं माप बरोबर हुतं."

"बरोबर होतं. पण मी सांगायला पाहिजे होतं. आणि ओरडायला नको होतं. चुकलं माझं, आबा."

"ओरडायचं काय, ते रक्तातच हाय," ते म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. "सोड पहार. माझं काम मीच फोडनार. दुसऱ्या कुनाचा हात लागायचा न्हाय."

खालचा सिमेंटचा माल अजून पुरता धरला नव्हता, म्हणून फरश्या बऱ्याचशा आख्ख्या निघाल्या. प्रत्येक फरशी निघताना आबा तोंडानं 'च्' करायचे. तो आवाज मला ऐकवेना. मी मशीनवाल्याला फोन करून पुढच्या मंगळवारपर्यंत ढकललं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि नालीच्या भिंतीकडे जाऊन परत खुणा मारल्या. ह्या वेळी आबा शेजारी उभे राहिले आणि एकेक खूण विचारून घेतली. मी सांगत होते आणि ते शाळेतल्या मुलासारखे मान हलवत होते. मला आता लाज वाटत नव्हती.

त्यांचे हात काही ऐकेनात. फरशी ठोकता ठोकता आपोआप सपाट व्हायची. मग स्वतःलाच शिवी द्यायचे आणि पुन्हा उचलायचे. नालीसकट पाच दिवस लागले. शेवटच्या दिवशी तर गुडघे एवढे सुजले की पाट सरकवत बसून काम केलं.

सोमवारी गटातल्या बायका पाणी सोडून बघायला जमल्या. तीसच्या तीस. अध्यक्षबाईंनी कमरेवर हात ठेवला. "म्याडम, मशीनं मंगळवारावर गेली. आमाला कांदा वाळत घालायचा थांबवायला लागला. चूक झाली कुनाची, ते तरी कळू द्या." त्या दिवशी माझं ओरडणं त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांना माझ्या तोंडून पाहिजे होतं.

मी म्हणाले, "माझीच. माझ्या खुणा चुकल्या होत्या."

"खोटं बोलतीया," मागून आबा म्हणाले. भिंतीला धरून ते उभे राहिले आणि पागोटं काढून हातात घेतलं. ते त्यांनी कुणापुढे काढलेलं मी पाहिलं नव्हतं. "तिच्या खुणा बरोबर हुत्या. मीच पुसल्या. पन्नास वर्सं मी लोकांच्या फरश्या घातल्या आन् माझ्या पोरीला शिकवलं म्हनून मिरवलं. पर येळ आली तवा तिच्या मापावर माझा इस्वास बसला न्हाय. चूक ती हाय, बायांनो. दुसरी कंचीबी न्हाय."

अध्यक्षबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पावणं, बसा आधी. कुनीतरी खुर्ची आना की गं!" मग त्यांनीच बादली उचलली आणि दारात ओतली. पाणी पसरलं, वळलं, आणि सगळं नालीकडे निघून गेलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून रडले.

हल्ली आमच्याकडे पाहुणा आला की आबा चहाच्या आधी त्याला सांगतात, "माझं काम एकदाच फोडायला लावलंय. माझ्या पोरीनं."