निकमांचं थरथरणारं टेबल

पांडुरंग निकम कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत बघत. बोटं गेरूत बुडवायची, भिंतीला खेटून उभं राहायचं आणि उडी मारून जमेल तितक्या उंच ती उमटवायची, हा त्यांचा नाद. माझ्या ओसरीला नुकताच चुना दिला होता तेव्हाही त्यांनी हेच केलं. "पुसू नका वहिनी, माप हाय ते," असं वर माझ्या बायकोलाच बजावलं. पुढे आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. निकमांशी मात्र बोलत होती.

ते मेढ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्यात त्यांच्या पुतण्याचा सिमेंटच्या चौकटी पाडायचा कारखाना होता आणि शेजारच्याच शाळेत मी खेळाचा शिक्षक. साच्यातलं काँक्रीट दबून बसावं म्हणून कारखान्यात मोटारीवर थरथरणारं एक लोखंडी टेबल होतं. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला निकम काहीतरी काढायला त्या चालू टेबलावर चढले, उतरले आणि सवयीनं भिंतीपाशी उडी मारली. बोटं रोजच्या खुणेच्या वर गेली. तिथून माझी शांतता संपली.

चालू तासाला ते वर्गाच्या दारात उभे राहत. "आवं मास्तर, म्हशीला पान्हा फुटायचा तर आदी आचळाला हात लावाय लागतो. पायाचंबी तसंच हाय." पोरांचे गुडघे जातील म्हटलं, तर म्हणत, "जास्त कोन करतंय? चहाला उकळी फुटंस्तवर हुबं ऱ्हायचं, लगीच उतरून उडी. येळ घालवला की पाय परत झोपत्यात." मी पुस्तक दाखवलं, तर ते कुणी लिहिलं हे न बघता मिटून माझ्या हातात दिलं. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे चालत्या मोटेला थांब म्हणणं.

आमच्या शाळेतली सुनंदा उंच उडी मारायची. तिला पोलिसात जायचं होतं. सांगलीच्या निवड चाचणीतून राज्य पातळीवर गेली असती तर खेळाडूंच्या जागेवर भरती होण्याची आशा होती. दुसरी वाट तिला नव्हती. तिच्या वडिलांना विचारून निकम तिला टेबलावर उभी करू लागले. गुडघे किंचित वाकवून ती थरथरत उभी राही आणि आम्ही दोघं शेजारी भांडत असू. कारखान्याच्या भिंतीवरची तिची बोटं मात्र वर सरकत गेली. त्याचाही मला रागच यायचा.

चाचणीला आम्ही तिघं एसटीनं निघालो. सांगलीत टेबल कुठलं असणार? निकमांनी तोडगा काढला: गाडीच्या मागच्या चाकावर जो हादरा बसतो, त्यावर सुनंदानं गुडघे वाकवून थोडा वेळ उभं राहायचं, मग बसायचं; सांगली आली की पुन्हा तसंच आणि उतरून थेट स्टँडलगतच्या मैदानावर. इस्लामपूर सोडल्यावर त्यांनी तिला उठवून बघितलं आणि मला म्हणाले, "जागा धरा मास्तर. मी सांगितलं की बसंल ती." गर्दीत रेटले जाऊन ते पुढे गेले. आष्ट्याला एक ओळखीचे मुख्याध्यापक चढले. मुख्याध्यापक उभे आणि आपण रुमाल टाकून जागा धरलेली, हे मास्तराच्या जातीला जमत नाही. मी रुमाल उचलून त्यांना बसवलं.

निकम माणसांच्या डोक्यांवरून हात करत होते, तिला बसवा म्हणून. मी दिसत नाही असं दाखवलं. पोरगी आज्ञाधारक, कुणी बस म्हटलं नाही म्हणून त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ती सांगलीपर्यंत गुडघे वाकवून उभी राहिली. मैदानावर तिचे पाय लाकडासारखे झाले होते. रोज हसत ओलांडायची त्या उंचीलाच तिन्ही वेळा काठी पडली.

निकमांनी एसटीत उभं करून पोरीचं वाटोळं केलं, ही गोष्ट साताऱ्यात आजही हसत सांगतात. ती शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडली आणि तिथे ती मी दुरुस्त केली नाही. जागा मी सोडली हे निकमांखेरीज कुणाला ठाऊकच नव्हतं.

सुनंदाचे वडील कारखान्यात आले तेव्हा मी तिथेच होतो. मी तोंड उघडणार, तोच निकम पुढे झाले. "मीच हुबं केलं. माझंच चुकलं." वडील त्यांना वाटेल ते बोलून गेले. मग मी निकमांवर चिडलो, हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं म्हणून.

"मास्तर, गप बसा. तुमच्यावरचा इस्वास उडाला तर उद्या कोन आपली पोरगी मैदानावर धाडंल? माझ्यावरचा उडाला तर एक टेबल बंद पडंल, बास."

आणि टेबलाच्या मोटारीची वायर त्यांनी स्वतः काढली. मला न विचारता! सारं आयुष्य या माणसानं मला न विचारता काहीतरी केलं आणि त्यानं राखलेल्या विश्वासावर मी पुढची सगळी वर्षं मुली मैदानावर आणल्या, सत्कारही घेतले. सुनंदा पोलिसात गेली नाही.

गेल्या वर्षी निकम वारले. तेरावं झाल्यावर मी सुनंदाच्या वडिलांकडे गेलो आणि रुमालापासून सगळं सांगितलं. आता ते खूप थकलेत. मान खाली घालून त्यांनी ऐकलं.

"मी त्या मानसाला परत कवा दारात हुबं केलं न्हाई," ते म्हणाले. "त्यो हुता तवा यायचं हुतं, मास्तर."

मग त्यांनी आत चहा सांगितला. नको म्हणायचं धाडस मला झालं नाही.