पाय नातीचा, नमस्कार माझा

आमच्या घरात एक कायदा आहे आणि तो मी केलेला आहे. पाय कशालाही लागो, माणसाला, पुस्तकाला, सुपाला, ज्वारीच्या पोत्याला. लागला की तिथंच वाकायचं, त्याला हात लावायचा आन तो हात कपाळाला न्यायचा. यात सूट कुणाला नाही. मी शाळा चौथीपर्यंतच शिकलो, पण घराला वळण लावायला चौथी लई झाली.

थोरल्या लेकाची पोरगी या कायद्यात सगळ्यात पक्की. तिच्या टांगा लहानपणापासून लांब. जेवायला बसली तर पाय शेजारच्याच्या ताटापर्यंत जायचा. त्यामुळं ती दिवसभर कुणाला ना कुणाला नमस्कारच करून राहायची. एकदा जळकोटच्या बाजारात तिचा पाय एका बकरीला लागला. एवढ्या गर्दीत थांबून पोरीनं बकरीला नमस्कार केला. बकरीवाला म्हणाला, "कुणाची हो ही पोरगी?" मी फेटा सारखा केला आणि म्हणालो, "माझी नात."

ती नववीत गेली तेव्हा शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिच्या टांगा बघितल्या आणि तिला तायक्वांदोत घातली. गावात त्याला सगळे कराटेच म्हणतात. मी म्हणालो, मला इचारलं न्हाई. तेव्हा सर स्वतः घरी आले, ओट्यावर बसले आणि मला समजावून सांगायला लागले.

"बाबा, हिचा पाय लांब हाय. समोरचीचा पाय हिच्यापर्यंत पोचत न्हाई, पर हिचा तिच्यापर्यंत पोचतो. हिनं तेवढ्या अंतरावरच नाचत राहायचं. छातीला पाय लागला की गुण, डोक्याला लागला की जास्ती."

आता मी कुस्तीतला माणूस. तरणा होतो तेव्हा जत्रेत मी लंगोट लावला की समोरच्याच्या घरचे घरी परतायची तयारी करायचे. कुस्तीत हातात हात द्यायचा, माती लावायची आणि भिडायचं. समोरच्यानं सकाळी कांदा खाल्लाय का लसूण, हे नाकाला कळलं पाहिजे, तेव्हा त्याला झुंज म्हणायची.

मी म्हणालो, "सर, लांबूनच लढायचं असंल तर पोरीच्या हातात गोफण देतो की. ज्वारीवरची पाखरं तरी उडतील."

सर हसले, चहा पिऊन गेले. नात हसली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "आबा, मला धरून दाखवा."

मी धोतर खोचलं. गेलो पुढं, तर तिचा पाय माझ्या छातीसमोर, बोटभर अंतरावर येऊन थांबलेला. डावीकडून गेलो, पाय तिथं. उजवीकडून गेलो, पाय तिथं. फाटकाला आडणा लावावा तशी टांग. आणि लागू देत नव्हती बरं का, फक्त दाखवत होती. आमची म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसलेली. ती वरडली, "एक माझ्या नावानं मार गं! लई वर्सांची हौस हाय माझी."

म्हातारी बोलल्यावर मला माघार घेता येईना. मग माझ्यातला पैलवान जागा झाला. मी काय केलं, तिचा पाय समोर आला तशी छातीच पुढं नेऊन त्याच्यावर टेकवली. पाय लागला! पोरीचा चेहरा उतरला. झटक्यात पुढं आली, वाकली, मला हात लावला. तो हात कपाळाला जायच्या आत मी मानेवर कब्जा घेतला.

"चीत!" मी म्हणालो.

"आबा, ही लबाडी हाय!"

"लबाडी न्हाई, डाव हाय. कितीबी लांबून लढ, शेवटी जवळ येतीसच का न्हाई?"

हे मी आठवडाभर चहाच्या हॉटेलात सांगितलं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाही पुन्हा सांगितलं.

पुढं लातूरला जिल्ह्याचे सामने झाले. मी मुद्दाम गेलो. पहिल्याच सामन्यात नातीची टांग सुटली आणि समोरच्या पोरीच्या छातीवरच्या गादीवर धप्पदिशी बसली. मी खुर्चीतून उठलोच. आणि मग माझ्या नातीनं काय करावं? दोन्ही हात खाली सोडले, पुढं वाकली, त्या पोरीला हात लावला आन हात कपाळाला नेला. ती समोरची एवढी गोंधळली, तीबी वाकली. सगळा हॉल हसायला लागला. पंचानं दोघींना उभं केलं आणि हात लावला म्हणून आमच्या पोरीला दंड दिला.

ती पोरगी साधी होती म्हणून निभावलं. पुढच्या पोरी काही बकऱ्या नव्हत्या. आमची नमस्काराला वाकली की त्यांचा पाय तिच्या कानाखाली. जिंकली, पण कशीबशी, कान लाल करून.

सर माझ्या शेजारी येऊन बसले. "बाबा, पाय लांबून मारता येतो. नमस्कार मात्र जवळ जाऊनच करावा लागतो. सगळं अंतर तिथं मोडतं. किती सांगितलं, हात आपोआप जातो म्हणती. एवढी पक्की सवय कुणी लावली हो हिला?"

मी हॉलच्या पत्र्याकडं बघितलं. पत्रा चांगला होता.

"घरचं वळण हाय," मी म्हणालो.

घरी आल्यावर लेकानं निकाल दिला. आता नांदेडला विभागाचे सामने. तिथं जिंकली तर राज्याला खेळायला जाऊ दे. हरली तर हे नाचणं बंद. पुढच्या वर्षी दहावी हाय, उदगीरला क्लासला टाकतो. पोरगी भाकरी तशीच ठेवून माझ्याकडं बघत बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोधडी घडी करून छातीला लावली, वरून कासऱ्यानं आवळून बांधली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

"मार," मी म्हणालो. "मार आन लांबच राहा."

तिनं मारली. चांगली मारली; गोधडीतून बरगडीला कळली. आणि लगेच आली नमस्काराला. मी वरडलो. परत मारली, परत आली. मी शिव्या दिल्या, तरी आली. शेवटी तिच्या डोळ्यात पाणी. "आबा, तुमच्याच अंगाला पाय लावायचा आन नमस्कार न्हाई करायचा? मग कायदा रद्द करा."

आता आली का पंचाईत? कायदा रद्द, असं दोन शब्द बोलायचे होते. पण माझी जीभ तिकडं वळेना. आजपर्यंत मी केलेला कायदा मी मोडलेला नाही, दुसऱ्यानं तर नाहीच नाही. मी गोधडीसकट बाजेवर जाऊन बसलो. म्हातारी म्हणाली, "रद्द करतो म्हणलं तर काय फेटा पडंल का?"

"तू तूर निवड," मी म्हणालो.

बसल्या बसल्या एक गोष्ट आठवली. ही पोरगी तान्ही होती तेव्हा माझ्या मांडीवर पडून लाथा झाडायची. घरी आलेल्या पाव्हण्याला लागायची. तेव्हा हिच्या वाटचा नमस्कार कोण करायचं? मीच की! पाव्हण्याला हात लावायचा आणि आपल्या कपाळाला. कुणी म्हणालं नाही की चालत नाही म्हणून.

मी उठलो. "इकडं ये. ज्याचा पाय त्याचाच हात, असं कायद्यात कुठं हाय? सामन्यात तू पाय चालव. नमस्कार माझ्याकडं. मी समोर बसून करतो. तू लांबून लढतीस ना? मग नमस्कारबी लांबून."

"चालंल, आबा?"

"कायदा कुणाचा हाय?"

मग सराव सुरू झाला. ती मला लाथ मारायची आणि मी हात जोडायचो. लाथ खाणाराही मीच आणि नमस्कार करणाराही मीच. म्हातारी रस्त्यानं जाणाऱ्या बायांना बोलावून दाखवायची, "बघा गं, स्वतःच्याच पाया पडून राहिलाय." मी लक्ष दिलं नाही. नातीचा हात आधी निम्म्यावर येऊन थांबायला लागला, मग हलायचाच राहिला. माझ्या बरगड्या मात्र अजून पाऊस यायच्या आधी सांगतात.

नांदेडला लेकाला सोबत घेऊन गेलो. शेवटच्या सामन्यात समोर धर्माबादकडची पोरगी होती, ठेंगणी, पण आत घुसायला वाघीण. तिचा आजा नेमका माझ्या शेजारी बसलेला, खांद्यावर टॉवेल, तोंडात पान. नातीचा पहिला पाय लागला. मी त्या पोरीकडं बघून हात जोडले, कपाळाला लावले. दुसरा लागला, परत जोडले. त्या आज्यानं विचारलं, "काय हो, कुणाला नमस्कार करून राहिले?"

"तुमच्या नातीला."

"कशापायी?"

"आमच्या पोरीचा पाय लागला की हो तिला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मला घरच्यांनी चुकून बाहेर सोडलंय. तेवढ्यात त्याची नात घुसली आणि आमच्या पोरीच्या पोटात पाय बसला. मी त्याच्याकडं वळलो. "आता तुमची पाळी."

"मी न्हाई बा."

"तुमच्याकडं वळण नसंल तर राहू द्या."

त्यानं पान गिळलं आणि हात जोडले. मग काय विचारता. गादीवर पोरी लाथा मारून राहिल्या आणि खाली आम्ही दोघं म्हातारे आळीपाळीनं हात जोडून राहिलो. लेक दुसऱ्या रांगेत जाऊन बसला.

शेवटी गुण बरोबरीत आले. घड्याळ संपत आलेलं. नातीनं टांग उचलली आणि ती सरळ त्या पोरीच्या डोक्याला लागली. छाती वेगळी, डोकं वेगळं. डोक्याला पाय लागणं म्हणजे आमच्या घरात लई मोठी गोष्ट. मला दिसलं, आमच्या पोरीचा हात खाली सुटला, पाऊल पुढं पडलं. समोरचीचा पाय उचललेलाच होता.

मी खुर्चीवर चढलो. या वयात कसा चढलो, माहीत नाही.

"मी केला!" मी वरडलो. "केला मी! मी केला!"

हात जागेवर गेला, पाऊल मागं आलं. त्या पोरीचा पाय हवेतून बोटभर अंतरावरून गेला. अंगणात माझ्या छातीसमोर थांबायचा, तेवढंच अंतर. शिट्टी वाजली. आमची जिंकली.

पंचानं हात वर केल्याबरोबर ती पळत गेली, त्या पोरीच्या डोक्याला हात लावून कपाळाला नेला आणि मग तिला गळ्याशी धरली. इकडं लेक माझ्याजवळ आला. म्हणाला, "दादा, खाली उतरा आता." क्लासचं नाव काही काढलं नाही.

लांबून लढण्याला मी आजही झुंज म्हणत नाही. राज्याच्या सामन्याला मी जाणार आहे, ते नमस्काराचं काम माझ्याकडं आहे म्हणून.

नांदेडहून परत येताना एसटीत जागा अडचणीची. नातीचा लांब पाय समोरच्या बाईच्या टोपलीला लागला. पोरगी ऐटीत मागं टेकून बसली आणि माझ्याकडं बघायला लागली. माझे हात जोडले जाणारच होते, तेवढ्यात मी ते खाली घेतले.

"ह्यो सामना न्हाई," मी म्हणालो. "तुझं तू कर."